मुंबईत नवीन आलात? ठाण्याच्या तलावपाळीवर घालवायचा एक दिवस

गेल्या वर्षी माझी भाची कोल्हापूरहून नोकरीसाठी मुंबईत आली. दादरला आमच्याकडेच उतरली होती. पंधराएक दिवस झाल्यावर एका संध्याकाळी म्हणाली, "मावशी, इथं रंकाळ्यासारखं काहीच नाही का गं? नुसतं काठावर जाऊन बसायला?" मी म्हटलं, अगं, समुद्र आहे की हाकेच्या अंतरावर. तर म्हणाली, "समुद्र वेगळा, तळं वेगळं."

मला ते पटलं. समुद्राला आपल्या बाजूचा तेवढा काठ असतो. तळ्याच्या चारही बाजूंना गाव असतं, समोरच्या काठावर देऊळ दिसतं, एक फेरी मारली की माणूस परत जिथून निघाला तिथे येतो. मुंबईतही अशी तळी होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं आपण अजून रोज घेतो, पण पाणी केव्हाच बुजवलं गेलं. देऊळ, बाजार, चर्च, नाट्यगृह असं सगळं ज्याच्या काठाला धरून वाढलं, असं तळं बघायचं तर तासाभरावर ठाणं आहे. त्या रविवारी मी तिला घेऊन गेले. तेव्हापासून मुंबईत नव्याने आलेलं कोणीही विचारलं की मी हाच दिवस सुचवते. लोणावळा, माथेरान नंतर आहेतच. लोकलची सवय व्हायची असते, गर्दीची भीती मोडायची असते, खिसाही पहिल्या पगाराचा असतो. अशा माणसासाठी ठाण्यासारखी पहिली सहल नाही.

वार आणि वेळ

रविवार उत्तम, कारण सकाळी लोकलला गर्दी कमी असते आणि दुपारी ठाण्यात नाटक बघायला मिळतं. रविवारची एकच अडचण म्हणजे मेगाब्लॉक. रुळांच्या दुरुस्तीसाठी मध्य रेल्वे साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत काही मार्ग बंद ठेवते. गाड्या चालतात, पण उशिरा आणि खचाखच भरून. कुठे ब्लॉक आहे ते शनिवारच्या पेपरात येतं. त्यातून मार्ग सोपा आहे: सकाळी दहाच्या आत ठाण्यात पोचायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं. आपला दिवस तसाही एवढा असतोच.

महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळा, देवळात पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या पहिल्या पहाटे तलावपाळीवर ठाण्याची सगळी तरुण मंडळी नटूनथटून जमतात. ते बघण्यासारखं असतं, पण पहिल्याच फेरीला त्या गर्दीत जाऊ नका. पावसाळ्यात तळं काठोकाठ असतं आणि मला स्वतःला ठाणं तेव्हाच सगळ्यात आवडतं. मात्र मुसळधार पाऊस लागला असेल तर बेत पुढे ढकला, कुर्ला-शीवच्या दरम्यान रुळांवर पाणी भरलं की घरी परतायचे वांधे होतात.

तिकीट आणि गाडी

नवीन माणूस गडबडतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीएसएमटी ते ठाणे दुसऱ्या वर्गाचं तिकीट एका वडापावाच्या किमतीत येतं. खिडकीवर रांग असेल तर मशीनवर किंवा रेल्वेच्या मोबाइल ॲपवर काढा. शक्यतो जाऊन-येऊन म्हणजे रिटर्न तिकीटच काढा, संध्याकाळी ठाण्याच्या खिडकीसमोरची रांग बघितली की त्याचं महत्त्व कळतं. गाडी येताना डबा बघून ठेवा. लाल-पिवळे तिरपे पट्टे असलेला डबा पहिल्या वर्गाचा, दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर त्यात चढलात तर दंड. बायकांचे डबे वेगळे, दिव्यांगांचा डबा वेगळा. एसी लोकलचं तिकीटही वेगळं असतं, साध्या तिकिटावर त्यात बसता येत नाही.

आता गाडी कुठली? जलद लोकल लवकर पोचते, पण पहिल्या वेळी ती घेऊ नका. जलद गाड्या बहुतेक ठाण्यापुढे कल्याण, कर्जत, कसाऱ्याला जाणाऱ्या. भाचीने दुसऱ्या खेपेला एकटीने दादरहून कर्जत जलद पकडली. ठाणं आलं तेव्हा ती डब्याच्या मधोमध होती, दाराशी पोचेपर्यंत चढणाऱ्यांचा लोंढा आत आला, आणि बिचारी डोंबिवलीला जाऊन परत आली. तुम्ही सीएसएमटीहून ठाण्यापर्यंतच जाणारी धीमी लोकल घ्या. सगळ्या स्टेशनांवर थांबते, तासभर लागतो, पण ठाण्याला सगळ्यांनाच उतरायचं असल्यामुळे धक्काबुक्कीची धास्ती नाही. इंडिकेटरवर गाडीचं शेवटचं स्टेशन आणि ती धीमी आहे की जलद ते बघायचं, बाकी काही नाही. तरीही शंका आली तर शेजारच्याला विचारा, "ठाणा स्लो ना?" पाटीवर ठाणे, पेपरात ठाणे, पण लोकलमध्ये त्याचं ठाणा होतं. असंच विचारलंत की उत्तर लगेच मिळतं.

पश्चिम रेल्वेवर, म्हणजे अंधेरी-बोरिवलीकडे राहत असाल तर दादरला गाडी बदला. दादरला पूर्वी दोन्ही रेल्वेंचे फलाट एक नंबरपासून मोजायचे आणि नवा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३ पासून नंबर सलग झाले आहेत: १ ते ७ पश्चिम, ८ ते १४ मध्य. नवी मुंबईतून येणाऱ्यांना तर वाशी किंवा पनवेलहून थेट ठाण्याची लोकल आहे. ती ठाण्याला पूर्वेच्या अंगाला ९-१० नंबरवर लागते, तिथून पुलावरून चालत पार एक नंबरच्या बाजूला या. आपल्याला जायचं आहे ते पश्चिमेला.

गाडीत बसल्यावर

ज्या रुळांच्या वाटेने तुम्ही चालला आहात, तिच्यावरच या देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनचा सुमार. बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीजवळून, चौदा डब्यांत सुमारे चारशे पाहुणे घेऊन गाडी निघाली. एकवीस तोफांची सलामी झाली. ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिनं होती. अंतर चौतीस किलोमीटर, आणि शेवटचं स्टेशन ठाणं. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत आपले नाना शंकरशेटही होते. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले, पण पहिला मान ठाण्याचा.

हे मी भाचीला भायखळ्याच्या आसपास सांगितलं तेव्हा तिने कानातलं संगीत बंद केलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तुम्हीही बघा. मुलुंड आलं की डाव्या हाताला येऊरचे डोंगर दिसायला लागतात. पावसाळ्यात ते इतके हिरवे असतात की आपण मुंबईच्या लोकलमध्ये आहोत हे विसरायला होतं.

स्टेशनपासून तळ्यापर्यंत

पश्चिमेला बाहेर पडलात की डोक्यावर एक मोठा पूल दिसेल. त्याला सॅटिस म्हणतात, टीएमटीच्या बस त्याच्या वरून सुटतात. आत्ता बसची गरज नाही आणि रिक्षाची तर मुळीच नाही. कोणालाही "तलावपाळी कुठे?" एवढंच विचारा. मासुंदा तलाव हे कागदावरचं नाव, ठाणेकरांच्या तोंडी तलावपाळीच. पाळ म्हणजे तळ्याचा बांध, गावाकडच्या माणसाला हा शब्द वेगळा सांगायला नको.

चालत दहा मिनिटं. वाटेत बाजार लागतो, कपड्यांची, भांड्यांची, पूजेच्या सामानाची दुकानं, आणि मग जांभळी नाका. इथली भाजी आणि फुलांची बाजारपेठ सकाळी ऐन भरात असते. झेंडूच्या पाट्या, बेलाच्या जुड्या, केळीची पानं. देवळात न्यायला बेल इथेच घ्या, पण भाजी आत्ता नको, दिवसभर पिशवी कोण वागवणार?

आधी तळ्याला एक फेरी

तलावपाळीला पोचल्यावर लगेच देवळात शिरू नका, खायलाही धावू नका. आधी पूर्ण फेरी मारा, सावकाश. बाकी सगळं ठाणं या फेरीतूनच कळतं.

सकाळच्या वेळी पाण्यावर उजेड तिरपा पडलेला असतो. मधल्या छोट्या बेटावर महादेवाचं देऊळ आहे, त्याचा पांढरा आकार पाण्यात हलताना दिसतो. कठड्याला टेकून पेपर वाचणारे आजोबा, हात जोडून तळ्याला नमस्कार करून पुढे जाणाऱ्या बायका, शाळकरी पोरांचे घोळके. होड्या काठाला बांधून ठेवलेल्या असतात. बोटिंगची खरी मजा संध्याकाळीच. कठड्याशी वाकून बघितलंत तर पाण्याच्या वरच्या थरात बोटभर लांबीचे मासे एकाच दिशेला तोंड करून थांबलेले दिसतात. सावली पडली की सगळे एकदम वळतात. भाची तिथे बराच वेळ वाकून उभी होती. "रंकाळ्याला पण अस्सेच असतात," एवढंच म्हणाली.

ठाण्यात एकेकाळी साठ तळी होती असं जुने लोक सांगतात. आज त्यातली निम्म्याच्या आसपास उरली आहेत: कचराळी, सिद्धेश्वर, मखमली, आंबे घोसाळे, रायलादेवी, उपवन. काही बुजली, काहींवर इमारती उभ्या राहिल्या. जी राहिली ती लोकांनी जपली म्हणून राहिली. गणपती विसर्जनासाठीही आता महापालिका शेजारी कृत्रिम तलाव करते. तेव्हा एक विनंती: निर्माल्य, वेफर्सची पिशवी, पाण्याची बाटली, काहीही या पाण्यात टाकू नका. माशांना पावही घालू नका.

फेरीत काय काय लागतं ते बघा. एका अंगाला कोपिनेश्वराचं देऊळ. जवळच सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आणि त्याची शाळा, मूळ पोर्तुगीज काळातलं. पुढे गडकरी रंगायतन, राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं नाट्यगृह, १९७८ सालचं. शिलाहारांचा देव, पोर्तुगिजांचं चर्च, मराठी रंगभूमी, तिन्ही एकाच पाळीवर. मी चाळीसेक वर्षं मुंबईत आहे, शेकडो वेळा ही फेरी मारली असेल, तरी रंगायतनाच्या वळणावर उभं राहून समोरचा कळस बघितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

कोपिनेश्वर

नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं आणि ठाणं, म्हणजे तेव्हाचं श्रीस्थानक, ही त्यांची राजधानी. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर त्यांचंच. कोपिनेश्वराची परंपरा त्याच काळापर्यंत मागे जाते. आज दिसतं ते बांधकाम मात्र पेशवाईतलं आहे, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली उभं केलेलं. मधल्या काळात पोर्तुगिजांची राजवट होऊन गेली होती. तिच्यानंतर तळ्याकाठी पुन्हा महादेव बसला तो असा.

चपला बाहेर काढून आत जा. सभामंडपात आलं की बाहेरचे हॉर्न एकदम लांब गेल्यासारखे वाटतात. पिंडी बघून नवा माणूस थबकतोच, इतकी मोठी आहे. आपल्याकडे सहसा पिंडीवर पाणी घालायला खाली वाकावं लागतं, इथे ती चार फुटांहून उंच आहे. सोमवारी सकाळी बेल आणि पांढऱ्या फुलांनी झाकलेली असते. आवारात आणखी लहान लहान देवळं आहेत, तीही बघून घ्या.

भाचीला इथे एक गोष्ट सुचली, ती मला आधी कधी सुचली नव्हती. तिच्या कोल्हापूरजवळ खिद्रापूरला कोपेश्वर आहे. तिथेही शिलाहार, त्यांची कोल्हापूरची शाखा. एक कोपेश्वर कृष्णाकाठी, एक कोपिनेश्वर तळ्याकाठी. "म्हणजे मी अगदीच परक्या गावात नाही आले," ती म्हणाली. गुढीपाडव्याला ठाण्याची नववर्ष स्वागतयात्रा याच देवळाशी जोडलेली असते, तेव्हा ढोलताशांनी सगळी पाळ दणाणते.

मिसळ

दहाच्या सुमारास भूक लागते. मामलेदार मिसळ खायचीच असेल तर आत्ता खा, दुपारी रांग वाढते. मामलेदार कचेरीजवळची म्हणून मामलेदार. तळ्यापासून आणि स्टेशनपासून, दोन्हीकडून चालत जवळ. बसायला जागा मोजकी, अनोळखी माणसांबरोबर एकाच बाकड्यावर बसावं लागतं, खाऊन झालं की उठायचं. गप्पा बाहेर.

तिखटाबद्दल गंभीरपणे सांगते. ही तर्री दिसते त्याहून खूप जास्त झणझणीत असते. पहिल्यांदा आलेल्याने मध्यम किंवा कमी तिखट मागावी, त्यात कमीपणा नाही. कोल्हापूरकर असल्यामुळे भाचीने "तिखटच द्या, वरून कट द्या" म्हणून सांगितलं. इथे कट म्हणत नाहीत, तर्री म्हणतात. तिसऱ्या घासाला तिच्या नाकातून पाणी यायला लागलं, पण ताट तिने पुसून संपवलं. एक फरक तिला खटकला: कोल्हापूरला मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड, इथे पाव. मला पावच बरा वाटतो, रस्सा धरून ठेवतो.

ज्यांना तिखट झेपत नाही त्यांच्यासाठी स्टेशनजवळ कुंजविहारचा भलामोठा वडापाव आणि लस्सी आहे. नौपाड्याच्या बाजूला गेलात तर गजानन वडापावची पिवळी बेसनाची चटणी चाखून बघा. वडापाव मुंबईत कुठेही मिळतो, पण ही चटणी ठाण्याची.

पाळीमागचं जुनं ठाणं

खाऊन झालं की ऊन चढायच्या आत तासदीड तास चाला. तलावपाळीवरून टेंभी नाका अगदी जवळ आहे. नवरात्रातल्या देवीमुळे आणि दहीहंडीमुळे हे नाव पेपरात वाचलेलं असेल. याच परिसरात, चार पावलांच्या अंतराने, दोन वास्तू आहेत ज्यांच्या समोरून लोक रोज न बघता जातात.

एक, पारशांची अग्यारी. आत फक्त पारशांना प्रवेश असतो, पण शेजारच्या गल्लीला अग्यारी लेन म्हणतात यावरून ती किती रुळली आहे ते कळतं. दुसरं, बेने इस्रायली लोकांचं सिनेगॉग, शआर हशमाईम, म्हणजे स्वर्गाचं द्वार, १८७९ सालचं. बेने इस्रायल म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेले ज्यू. मातृभाषा मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावावरून पडलेली. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. यातले बरेचजण नंतर इस्रायलला गेले, तरी ठाण्यात वस्ती आहे आणि प्रार्थना होतात. हे चालतं प्रार्थनास्थळ आहे. आत जायचं असेल तर दाराशी नम्रपणे विचारा, नाही म्हणाले तर बाहेरूनच नमस्कार करून पुढे व्हा. शनिवारी तर जाऊच नका, त्यांचा शब्बाथ असतो.

तिथून कोर्ट नाक्याकडे या. उंच जुन्या दगडी भिंती दिसायला लागतात. हे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह, आणि हाच ठाण्याचा किल्ला. पाटी वाचल्याशिवाय हे कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. हा भुईकोट, खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला पोर्तुगिजांनी बांधायला घेतला. पुरा व्हायच्या आधीच, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. दोन वर्षांनी वसई पडली, तिची सुरुवात या भिंतींपासून झाली होती. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हल्ला करून तो मराठ्यांकडून घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला.

दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी इथेच कोंडलं होतं. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आळ त्याच्यावर होता. सप्टेंबर १८१६ मध्ये तो इथून निसटला. हकीकत अशी सांगतात की पहारा गोऱ्यांचा, त्यांना मराठी कळेना. बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतूनच पळायचा बेत आत पोचला.

दुसरी आठवण जड आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी याच भिंतींच्या आत फाशी दिलं. कान्हेरे विशीच्याही आतला पोरगा होता. मी दरवेळी इथे दोन मिनिटं उभी राहते. आत जाता येत नाही, तुरुंग चालू आहे, आणि भिंतीचे, दाराचे फोटो काढू नका, पहारेकरी हटकतात आणि ते बरोबरच आहे.

अंगात ताकद असेल तर पुढे खारकर आळीतून परत या. जुन्या आळ्यांतली काही घरं अजून उतरत्या छपरांची आहेत. आणि स्टेशनाशी परतताना चेंदणी कोळीवाड्याची पाटी दिसली तर लक्षात घ्या, रेल्वेचे रूळ या कोळीवाड्याच्या मधून गेले, निम्मा पूर्वेला राहिला, निम्मा पश्चिमेला.

दुपार कुठे काढायची

दुपारी बारा ते चार ठाण्यात फिरण्यात अर्थ नाही. उकाडा आणि दमट हवा माणसाला पिळून काढते. मी दोन गोष्टी सुचवते.

पहिली, गडकरी रंगायतनातलं नाटक. रविवारी दुपारी बहुधा प्रयोग असतोच. पेपरातल्या जाहिराती बघा किंवा सकाळी फेरी मारतानाच तिकीटखिडकीवर चौकशी करून तिकीट काढून ठेवा. मुंबईत येऊन सहा-सहा महिने नाटक न बघितलेली मराठी मुलं मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. बाल्कनीचं तिकीट सिनेमापेक्षा फार महाग नसतं. मध्यंतरात बटाटावडा खाऊन बाहेरच्या बाजूला आलात की समोर तळं. नाटकाच्या मध्यंतरात तळं दिसावं, हे सुख दुसऱ्या कुठल्या नाट्यगृहात मला मिळालेलं नाही.

दुसरी, मराठी ग्रंथसंग्रहालय. वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली स्थापन केलेलं, स्टेशनपासून जवळ. नाटक नसेल, पुस्तकांची आवड असेल तर उघडण्याची वेळ आधी विचारून जा. वाचायला आलेल्या ज्येष्ठांशी बोलायला मिळालं तर जुन्या ठाण्याबद्दल इतकं कळतं की कुठल्याही लेखात मावणार नाही.

जेवणाचं वेगळं काही लिहीत नाही. गोखले रोड आणि राम मारुती रोडला थाळीची ठिकाणं भरपूर आहेत. मिसळ खाल्ली असेल तर तशीही दुपारी ताक-भातापलीकडे काही जात नाही.

संध्याकाळ: उपवन की तलावपाळी?

दोन्ही करायला जाऊ नका. उपवन तलाव येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, सॅटिसवरून टीएमटीची बस मिळते किंवा मीटरने रिक्षा करा. मोकळी जागा, मागे डोंगर, सूर्य त्यांच्या आड गेला की पाण्यावरचा रंग बदलतो. लहान मुलं बरोबर असतील किंवा डोंगर बघून जीव निवतो अशी माणसं असाल तर तिकडे जा. येऊरच्या जंगलात मात्र शिरू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचं घर आहे, संध्याकाळी तिथे आपलं काम नाही.

माझं मत विचाराल तर पुन्हा तलावपाळीवरच या. सकाळचं तळं आणि संध्याकाळचं तळं अगदी वेगळं. दिवे लागतात, होड्या सुटतात, पाणीपुरी आणि भेळेच्या गाड्यांसमोर गर्दी जमते, कोपिनेश्वराची घंटा पाण्यावरून ऐकू येते. कठड्यावर जागा मिळाली की बसून राहायचं. रिक्षाबद्दल एवढं सांगते, दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत म्हणून नव्या माणसाला सवय नसते. ठाण्यात मीटर टाकायला सांगा. शेअर रिक्षाची रांग असेल तर रांगेतच उभे राहा, मधे घुसलेलं ठाणेकर खपवून घेत नाहीत.

परतीची गाडी

साडेसात-आठच्या सुमारास निघा. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना या वेळेला गर्दी कमी असते, सगळी झुंबड उलट दिशेला, कल्याणकडे. इथेही ठाण्याहूनच सुटणारी सीएसएमटी धीमी लोकल बघा, हमखास बसायला मिळतं. आणि निघण्याआधी जांभळी नाक्यावरून सकाळी राहिलेली भाजी घ्या, संध्याकाळी विक्रेते भाव सोडतात. आम्ही दोन जुड्या मेथी, कोथिंबीर आणि अर्धा किलो वाल घेतले होते. भाचीने पिशवी मांडीवर धरली आणि भांडुप यायच्या आधीच खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. दादरला मी तिला उठवलं, तेव्हा उतरता उतरता विचारत होती, "पुढच्या रविवारी कुठलं नाटक आहे गं तिथं?"